येणार नाही म्हणून आलेली गाडी

लाँड्रीच्या दारात दवाखान्याची गाडी थांबली आणि सगळ्या इस्त्र्या एकदम उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने तिथे कामाला असलेल्या दोघी जावांपैकी थोरलीची चौकशी केली, तेव्हा घड्या घालणाऱ्या बायकांनी असे चेहरे केले, की जणू आता थोरलीची खिडकीजवळची जागा कुणाला मिळणार एवढंच ठरायचं बाकी होतं.

"मला कशाला न्यायला आलात?" थोरलीने हातातली चादर सोडली नाही.

"आज तुमची तपासणी आहे. आमचा एआय म्हणाला, तुम्ही येणार नाही."

"रजाच मिळाली नाही."

"आजची रजा कालच दिलीय की!" मॅनेजर आतून ओरडला.

थोरली चपापली. छातीत गाठ हाताला लागल्यापासून ती काही ना काही कारण पुढे करत होती. रजेची थाप तिने धाकट्या जावेच्या गळी व्यवस्थित उतरवली होती.

"इतकी वर्षं एका घरात राहून मला कळलं नाही, जाऊबाई," धाकटी चप्पल घालत म्हणाली, "आणि त्या यंत्राला कळलं!"

"चुगलखोर मेलं," म्हणत थोरली गाडीत बसली, तीही खिडकीशी. त्यावरून दोघींची जुंपली आणि रस्ता त्यातच सरला.

रिसेप्शनवर थोरलीने आधी तोफ डागली. "मागे मी आले होते. दुपारपर्यंत ताटकळत ठेवलंत, शेवटी कामावर पळाले. आणि तुमच्या नोंदीत मी गैरहजर?"

रिसेप्शनवरची बाई ओशाळली. "खरंय, मावशी. लांब राहणारी, रजा न मिळणारी माणसं येणार नाहीत, असं एआय सांगायचा. मग त्यांच्याच वेळेला आम्ही आणखी एकाला बोलवायचो. दोघंही आली की रखडायचात तुम्हीच. नव्या डॉक्टरीणबाईंनी ते बंद केलं. म्हणाल्या, येणार नाहीत हे कळतंय ना, मग गाडी पाठवा."

"म्हणजे यंत्र तेच?" धाकटीने विचारलं.

"तेच. अक्कल आम्हाला आली."

थोरली सोनोग्राफीला आत गेली. बाहेर धाकटीचं थोरलीच्या पिशवीची चेन उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची, एवढंच चाललं होतं.

दार उघडलं. थोरलीच्या मागून डॉक्टरीणबाई आल्या. "साधी पाण्याची गाठ आहे. काही करायचं नाही. वर्षभराने पुन्हा बघू."

धाकटीला हुंदका फुटला.

"रडायचं मी," थोरली डोळे पुसत म्हणाली, "तर तिथंही तू पुढे!"

रिसेप्शनवरच्या बाईने पुढची तारीख दिली. "आता स्वतःहून याल ना?"

थोरलीने बाहेरच्या गाडीकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"येईन की. पण तुमच्या एआयला सांगू नका. गाडी बरी आहे."

परत जाताना तिने खिडकी धाकटीला दिली.