एकसष्ट हजार चारशे आठ

“विश्वास नाही बसणार कुणाचा, पण एकदा माझ्याकडे अशी गाडी आली होती की उभी असली तरी काटा ऐंशीवर! मालक दारात बसल्या बसल्या कल्याणला पोचायचा,” मोरिवलीच्या नाक्यावरचा हरिचंद्र मिस्त्री म्हणाला.

शिरगावहून गाडी घेऊन आलेली जिज्ञासा हसली नाही. “आमचं उलटं आहे, काका. गाडी पळते आणि काटा शून्यावर. किलोमीटरपण पुढे सरकत नाहीत. वर स्टिअरिंग दगडासारखं. काल पुलावर वळताना एक रिक्षा थोडक्यात वाचली.”

तिची आई पद्मजाताई मागच्या सीटवरून उतरत होत्या. रिक्षाचं ऐकून त्या दरवाजा धरून तिथेच उभ्या राहिल्या.

गाडी हरिचंद्राच्या ओळखीची होती. पद्मजाताईंचे यजमान, अवधूतसाहेब, ह्याच नाक्यावरून कारखान्यात जायचे आणि जाताना काच खाली करून हात हलवायचे. दोन महिन्यांपूर्वी ते गेले.

थापा मारण्यात हरिचंद्राचा हात धरणारा अख्ख्या एमआयडीसीत नव्हता, पण कामात त्याने कधी थाप मारली नव्हती. त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली, स्कॅनर जोडला आणि जिज्ञासाला गिअर टाकायला लावला. चाकं गरगरली. काटा शून्य, स्कॅनरवरही वेग शून्य. म्हणजे काटा बिचारा निर्दोष. चाक फिरल्याची खबर जिथून निघते तिथेच अडकली होती. ती खबर देणारा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो. एअर फिल्टर बाजूला करून त्याने आत टॉर्च मारला.

सेन्सरची वायर निघालेली होती. तुटलेली नाही, कुरतडलेली नाही. तिच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर करड्या दोऱ्याचे बारीक वेढे आणि शेवटी दुहेरी गाठ. आत पाणी जाऊ नये म्हणून कुणीतरी निगुतीनं बांधलेलं. उगाच गाडी बिघडवणाऱ्याचं हे काम नव्हे.

त्याने मान वर केली. जिज्ञासा ऑफिसच्या फोनवर बोलत टपरीकडे गेली होती. पद्मजाताई त्याच्याकडेच बघत होत्या.

“रविवारी ते बॉनेट उघडून बसायचे. टॉर्च माझ्या हातात,” त्या म्हणाल्या. “एकसष्ट हजार चारशे आठ. त्यातले शेवटचे आठ किलोमीटर त्या सकाळचे. छातीत दुखत असताना स्वतः चालवत दवाखान्यात गेले. मला म्हणाले, तू नुसती बस. नंतर गाडी मी टो करूनच घरी आणवली. आता जिज्ञासा रोज गाडी उल्हासनगरला नेते. महिन्यात हजार वाढले असते. मग त्यांनी जिथे थांबवली, तो आकडा मी कुठे बघू?”

एरवी मिस्त्रीला तिखटमीठ लावायला वेळ लागायचा नाही. आता त्याने नुसता टॉर्च विझवला.

“ताई, ही वायर चाकाची खबर देते आणि त्याच खबरेवर स्टिअरिंग हलकं होतं,” तो म्हणाला.

“ते मला माहीत नव्हतं हो.” त्यांनी एकदा टपरीकडे बघितलं. “लावा ती वायर. फक्त पोरीला सांगू नका. कळलं तर ती गाडीला हातसुद्धा लावणार नाही.”

त्याने दोरा कापला नाही. नखाने गाठ सोडवली, वायर बसवली. चक्कर मारायला निघाला तेव्हा पद्मजाताई शेजारी येऊन बसल्या. कारखान्याच्या फाटकाशी काटा तीसवर थरथरत होता. त्यांचं काट्याकडे लक्षच नव्हतं. खालच्या आकड्यात आठाचा नऊ झाला.

“झालं,” त्या म्हणाल्या आणि परत येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

“काय निघालं, काका?” जिज्ञासाने विचारलं.

“काय सांगू तुला! मोरिवलीचा उंदीर!” हरिचंद्राची थापांची गाडी रुळावर आली. “मांजराएवढा! वायर खात नाही हां तो, नुसती उपसून ठेवायची खोड. मागच्या वर्षी एका टेम्पोची हेडलाइट काढून नेली बिळात. म्हणे पिल्लांची परीक्षा आहे…”

गोष्ट रंगली की त्याच्या हातांना चाळा लागायचा. जिज्ञासा त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती त्याच्या बोटाकडे बघत होती. बोटाभोवती करड्या दोऱ्याचे तीन वेढे बसले होते आणि चौथा चालला होता.

“खोटं बोलताय, काका,” ती म्हणाली, गाडीत बसलेल्या आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “बाबांच्या कंपनीच्या शर्टाची बटणं आई ह्याच दोऱ्याने लावायची.”