आधी माझं, मग तुझं

मी फौजदाराची नखं कापायचा नेलकटर बोलतोय. फौजदार म्हणजे या घरचा कुत्रा. दूधवाला असो की पाहुणा, हात हुंगल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही, म्हणून हे नाव. संशयी मीही आहे. धारेच्या वस्तूने कुठल्याही हातावर चटकन भरवसा ठेवू नये.

बातमी आली त्या दिवशी सकाळी तीन पायांची नखं कापून झाली होती.

मालक छापखान्यात कामाला. मागच्या पायरीवर बसून नखं कापायची त्यांची एक रीत होती. प्रत्येक पाय धरण्याआधी ते स्वतःचं एक नख माझ्या पात्यात धरून कापायचे. "हे बघ, आधी माझं, मग तुझं. फसवाफसवी नाही." फौजदार तो तुकडा हुंगायचा, मालकांच्या तोंडाकडे बघायचा, पंचनामा उरकायचा आणि मोठे उपकार केल्यासारखा पाय पुढे करायचा.

चौथ्या पायासाठी मालकांनी अंगठ्याचं नख कापलं, तेवढ्यात आतून बाईंची हाक आली. "अहो, बस चुकेल! तो काय पळून जातोय?"

"आलो, आलो. एकच राहिलाय, संध्याकाळी बघू." मला मिटून त्यांनी खणात टाकलं.

दुपारी छापखान्यातून फोन आला. मालक मशीनपाशी बसल्या जागीच गेले होते. बाई हातातलं ओलं फडकं तसंच धरून खाली बसल्या.

दीड महिन्यात मागच्या उजव्या पायाची नखं वळून तळव्यात रुतायला लागली. फौजदार लंगडू लागला. धाकटे दीर नवीकोरी कात्री घेऊन आले. "वहिनी, ते जुनं राहू द्या, बोथट असेल. तुम्ही मान धरा." एका हातात बिस्किट, कात्रीचा हात पाठीमागे. अर्धवट उघड्या खणातूनही मला तो लपवाछपवीचा हात ओळखू आला. फौजदाराला तर आलाच. झटापटीत एका नखाच्या जिव्हाळीला लागलं, रक्त आलं. ओरडले मात्र दीर.

"भाऊजी, यांना कसा हो द्यायचा हा पाय?"

"दादा काय जादू करायचा, त्यालाच ठाऊक."

मलाही ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण?

त्यानंतर फौजदार बाईंनाही जवळ येऊ देईना.

काल बाईंनी मला खणातून काढलं. वाटलं, झालं, आता केराची टोपली. त्यांनी मला उघडलं. पात्यांत एक नख अडकलेलं होतं. रुंद, कडेला शाईची काळी रेघ. कुत्र्याचं नव्हे. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

फौजदार लंगडत आला. त्याने ते नख हुंगलं. मग बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि मागे वळून बसत तोच पाय पुढे केला.

"म्हणजे आधी स्वतःचं कापून दाखवायचे होय रे तुला?" बाई म्हणाल्या.

त्यांनी मला पायापाशी नेलं. कापायचं तर आधी ते नख झटकायला हवं. त्यांनी मला मागे घेतलं, पुन्हा नेलं, पुन्हा मागे घेतलं. शेवटी ते पडू नये अशा बेताने मला मिटलं.

"उद्या हं, बाळा."

फौजदार पाय तसाच धरून त्यांच्याकडे संशयाने बघत होता.

बाई, ते नख झटका. मालकांना राग येणार नाही. मागचा उजवा पाय अजून राहिलाय.