औंढ्याला बदललेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे, काडेपेटीपेक्षाही लहान. माझ्या पोटात अनुसयाबाईंच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आहे. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षे पडून आहे आणि माझा जीव नुसता चडफडतो. का, ते ऐका.

१९९८ च्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या एका दवाखान्यात ती गाठ काढली. तिचा तुकडा फॉर्मालिन भरलेल्या डबीत टाकला. फॉर्मालिन म्हणजे मांस नासू न देणारे उग्र औषध. कंपाउंडरने डबी अनुसयाबाईंचे पती फुलसिंग यांच्या हातात दिली. "सांभाळून न्या, नांदेडला तपासायचं हाय," एवढेच तो म्हणाला.

एस.टी.त झाकण पाझरले. कंडक्टर ओरडला, "ओ मामा, काय घेऊन राहिले डबीत? गाडीभर डोळे झोंबून राहिले!"

फुलसिंग औंढ्याला उतरले. बायकोच्या अंगाचा तुकडा असल्या जहरात ठेवलेला त्यांना पाहवेना. त्यांनी ते ओतून दिले, डबी धुतली आणि माठातले थंड पाणी भरले. मग डबी देवळाबाहेर फुले विकणाऱ्या नीलाबाईंपाशी ठेवून नागनाथाचे दर्शन घेतले. नांदेडला पोचले तेव्हा प्रयोगशाळा बंद झाली होती. सकाळी तिथे मला पुन्हा फॉर्मालिन मिळाले, नंतर वितळलेले मेण. पेशींचा आकार टिकला होता, म्हणून कर्करोग आहे, हे माझ्यावरून ओळखता आले. तेवढेच माझे कौतुक. पुढे फळीवरची धूळ.

२००६ मध्ये वैष्णवी नावाच्या संशोधक मुलीने मला खाली काढले. पेशीतल्या रासायनिक क्रिया विकरे घडवतात. त्यातले एक विकर गाठीत किती आहे, यावरून रोग उलटेल की नाही हे आधी सांगता येईल का, हे तिला शोधायचे होते. अनुसयाबाईंची गाठ मोठी होती, काखेतही पसरली होती. तरी त्या ठणठणीत होत्या. म्हणून तिला माझ्याकडून मोठी आशा होती.

तिने माझा पातळ काप घेऊन रंगवला. विकर असेल तिथे तपकिरी रंग यायचा. कुठेच आला नाही. पण शेजारच्या निरोगी ग्रंथींत ते विकर नेहमी असते आणि तिथेही रंग नव्हता! म्हणजे गाठीत विकर मुळात नव्हते, की होते आणि नासले? मी काय सांगणार? मलाच ठाऊक नव्हते.

पुढे अनुसयाबाई तपासणीला आल्या, तेव्हा वैष्णवीने तुकडा कसा आणला ते विचारले. फुलसिंगांनी अभिमानाने सगळे सांगितले.

"मला मेलीला कधी औंढ्याला नेलं न्हाई," अनुसयाबाई हसल्या, "गाठीला मात्र नागनाथ दाखवून आणला!"

वैष्णवीला हसू आले नाही. "काका, तुम्ही ओतलं ते औषध होतं. त्याच्यावाचून तुकडा नासला. मावशींचा ठोकळा मला अभ्यासातून वगळावा लागणार."

फुलसिंगांचा चेहरा उतरला. "मंग त्या दिवशी कोनी सांगितलं काहून न्हाई, ताई? मी मांडीवर घेऊन बसलो असतो. गाडीतून उतरवलं असतं तर पायी आलो असतो."

वैष्णवीने वहीतला माझा क्रमांक खोडला. तिने मला परत फळीवर ठेवले.

मित्रांनो, उद्या तुम्ही डॉक्टर व्हाल, कंपाउंडर व्हाल. कुणाच्या हातात अशी डबी द्याल, तेव्हा आत काय आहे आणि ते का ओतायचे नाही, हेही सांगा. फुलसिंगांनी मला सांभाळूनच आणले होते.