रविवारची येळवस

पार्वतम्मांनी फ्रिजवरचा कागद दोनदा वाचला. चष्मा पदराला पुसून पुन्हा वाचला, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुनेनं डिसेंबरचं वेळापत्रक रंगीत पेनांनी लिहून लावलं होतं. शुक्रवारच्या चौकोनात ‘विज्ञान, ऑनलाइन सराव पेपर’. रविवारच्या चौकोनात ज्वारीचं कणीस काढून लिहिलेलं, ‘येळवस, शेतात, सगळा गट’.

“प्रियदर्शनी, अवस शुक्रवारी आहे.”

“हो आई, माहितीय.” सून गॅसपाशी पोहे परतत होती. “पण शुक्रवारी कुणालाच जमत नाही. गटातल्या मुलांचे बाबा कामावर असतात. म्हणून गटानं रविवार ठरवला.”

“अवस काय गटाला विचारून येते?”

“आई, सण महत्त्वाचा की तारीख?”

“अगं, सण म्हणजेच तारीख की. रविवारी संध्याकाळी आभाळात चंद्राची कोर दिसंल. कोर बघत अवस करणार का?”

प्रियदर्शनी हसली. राग आला की ती हसायची, हे पार्वतम्मांना लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

येळवस म्हणजे वेळा अवस, मार्गशीर्षातली अमावस्या. सोलापूरच्या या दक्षिण अंगाला त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. झाडून सगळी माणसं शेतात. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, त्यांना चुना-काव लावायची, पुजायचं. मग पालेभाज्या आणि ओले दाणे घोटून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा हाताला धरून जेवायला बसवायचा. पार्वतम्मांचं लहानपण अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यात गेलं. तिथले मास्तर अवसेच्या सकाळी शाळेत येत, फळ्यावर तारीख लिहीत, रिकाम्या वर्गाकडे बघत आणि कुलूप लावून कुणाच्या तरी शेताची वाट धरत. शाळा होती तेव्हा अवसेला शाळा बंद पडायची. आता या घरात शाळाच नव्हती, तर अवस बंद पडली होती. या विचारानं त्यांना पोहे गोड लागेनात.

आणि हे घर शाळेतून सुटलं होतं ते त्यांच्याच जिवावर. तीन वर्षांपूर्वी चौथीतल्या नातीला, ऋतुजाला, ऐन येळवशीला चाचणीला बसवलं होतं. पोर रडून रडून तापली. प्रियदर्शनीनं ठरवलं, मुलीला घरीच शिकवायचं. सिद्धराम, पार्वतम्मांचा मुलगा, बँकेतला सरळ माणूस. तो म्हणाला, “लोक काय म्हणतील?” तेव्हा सून सासूच्या खोलीत येऊन पायाशी बसली होती. “आई, घरी शिकली तर प्रत्येक सणाला पोर तुमच्याजवळ असेल. शब्द देते.” त्या शब्दावर पार्वतम्मांनी मुलाला गप्प केलं. पुढे भावकीची तोंडंही त्यांनीच बंद केली. एका लग्नात त्यांच्या एका चुलत जावेनं भर पंगतीत विचारलं होतं, “नातीला शाळेतून काढलं म्हणे. काय केलं पोरीनं?”

“पोरीनं काही केलं नाही,” पार्वतम्मा म्हणाल्या होत्या. “शाळेनंही काही केलं नाही, म्हणून तर काढलं.”

पहिली दोन वर्षं दृष्ट लागण्यासारखी गेली. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी ओट्याशेजारी अभ्यास चालायचा. दुपारी पोर आजीच्या मागं. नागपंचमीला दिंडं उकडायची तिनं शिकून घेतली, ज्येष्ठातल्या अवसेला मातीचे बैल वळले, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांच्या मागं अनवाणी चालली, देवाच्या लग्नाच्या अक्षता टाकल्या. मग गट झाला. घरी शिकणाऱ्या पाच घरांचा गट. त्यात वाईट काही नव्हतं, पोरीला सोबत मिळाली, इफ्रासारखी जिवाची मैत्रीण मिळाली. पण गट आला तसा वर्ग आला, वर्ग आला तसं वेळापत्रक आलं. यंदा नागपंचमी शनिवारवर गेली. बैल कागदाचे झाले आणि तेही सोयीच्या दिवशी. दिवाळी तेवढी वाचली, कारण तिला सरकारच सुट्टी देतं. पार्वतम्मा गप्प राहिल्या. येळवशीला कुणी हात लावणार नाही, असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी शेतावर फोन लावला. धाकटी जाऊ मल्लव्वा आणि तिचा नवरा धोंडप्पा जमीन बघत होते.

“व्हय अक्का, प्रियदर्शनीचा फोन आलता की,” मल्लव्वा म्हणाली. “ऐतवारी करा म्हणली. मी दोनदा करते. शुक्करवारी द्येवाचं, ऐतवारी लेकरांचं.”

“दोनदा? तुझी कंबर कुठं आहे आता दोनदा भज्जी घोटायला?”

“इरली बिडु अक्का, राहू दे. खोप बी तशीच ठिवा म्हणली. पांडव हलवू नका, लेकरांना दावायचं हाय, कशी पूजा करत्यात ते. फोटू काडणार हायेत.”

पार्वतम्मांनी फोन ठेवला. पूजा झालेल्या देवाची पुन्हा खोटी पूजा करायची, आणि तीही फोटोसाठी. शिळ्या कढीला ऊत आणतात तसा देवाला ऊत आणायचा.

रात्रीच्या जेवणाला त्या बोलल्या. सिद्धराम ताटात बघत राहिला. ऋतुजा भाकरीचे तुकडे करून वाटीभोवती लावत बसली.

“मला शब्द दिला होतास.”

“शब्द मोडला कुठं? ती जाणारच आहे ना शेतात.”

“बैल गेला आणि झोपा केला, त्याला जाणं म्हणत नाहीत.”

“आई, तुम्हाला सण तेवढा दिसतो.” प्रियदर्शनी आता हसत नव्हती. “दिवसभर तिच्याबरोबर मी असते. ती कशात मागे पडली तर बोट माझ्याकडे दाखवणार सगळे, तुमच्याकडे नाही. गट मोडला तर तिला मैत्रिणी कुठून आणू? आणि पेपर आधीच ठरलाय.”

“तो पेपर लावला कोणी?”

“मीच लावला.”

“मग काढायला कलेक्टरला अर्ज करायचा का?”

सिद्धरामला हसू आलं. ते त्यानं ताकाबरोबर गिळलं. प्रियदर्शनी ताट घेऊन उठली. तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे पार्वतम्मांना कळत होतं, आणि त्यामुळे त्यांचा राग आणखी वाढत होता. खोट्या माणसाशी भांडणं सोपं असतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पिशवीत दोन लुगडी, गोळ्यांची डबी आणि शेंगांच्या पोळ्या भरल्या. शेताकडं जायला अक्कलकोटची गाडी धरायची होती. निघताना ऋतुजाच्या खोलीचं दार त्यांनी हलकेच लोटलं. पोर लॅपटॉपपुढं पाठमोरी बसली होती. पार्वतम्मा क्षणभर उभ्या राहिल्या. एक शब्द बोललं असतं तर पोर उठली असती. पण पोरीला तिच्या आईविरुद्ध उभी करायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी दार ओढून घेतलं.

शेतात सगळं दरवर्षीसारखं होतं आणि काहीच दरवर्षीसारखं नव्हतं. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. खोपीत पांडव पांढरे-तांबडे होऊन बसलेले. मल्लव्वानं भज्जीत तुरीचे ओले दाणे सढळ हातानं टाकले होते. शेजारच्या बांधांवरून माणसं आली, जेवली, आणि प्रत्येकानं एकच विचारलं, “नात न्हाय आली?” पार्वतम्मा दर वेळी म्हणाल्या, “तिचा पेपर आहे.” आणि दर वेळी समोरचा म्हणाला, “शाळेत जात न्हाय म्हणत व्हता की?” भावकीच्या टोमण्यांना हजरजबाबी असणारी बाई त्या दिवशी साध्या प्रश्नाला अडली.

धोंडप्पा आंबिलीचं मडकं घेऊन पिकाभोवती शिंपडत फिरला. पुढून त्यानं आरोळी दिली. मागून ओ द्यायला पोर नव्हतं, तेव्हा मल्लव्वानंच दिली, आणि धाप लागून खाली बसली. दिवस कलल्यावर कडब्याची पेटती पेंढी घेऊन शेताभोवती पळायचं असतं. गेली दोन वर्षं ऋतुजा पळाली होती. आता धोंडप्पा गुडघा सांभाळत चालत गेला. निम्म्या वाटेत पेंढी विझली.

पार्वतम्मा उठल्या. “धोंडप्पा, खोप मोड.”

“आज? ऐतवारी पाव्हणे हायेत न्हवं?”

“कडबा म्हशीला घाल. पांडव लिंबाखाली नेऊन ठेव.”

“प्रियदर्शनी काय म्हणंल अक्का?” मल्लव्वा म्हणाली.

“मला म्हणू दे. नाटकाला माझा देव मिळणार नाही.”

रविवारी दोन गाड्या आल्या. रंगीत टोप्या, चटया, पाण्याच्या बाटल्या, फोन काढून धरलेले बाप. प्रियदर्शनीनं उतरताच इकडं तिकडं पाहिलं.

“आई, खोप कुठाय?”

“म्हशीनं खाल्ली.”

“म्हणजे?”

“येळवस शुक्रवारी झाली. आज रविवार आहे. या, बसा, पिठलं-भाकरी आहे.”

मल्लव्वानं भाकऱ्या थापल्या होत्या. पाव्हण्याला उपाशी धाडायचं न्हाय, एवढ्या एका गोष्टीवर ती जावेपुढं वाकली नव्हती. मंडळी चटयांवर टेकली. एका बापानं विचारलं, “मग नेमकं बघायचं काय?” इफ्राची आई तेवढी पार्वतम्मांच्या जवळ सरकली.

“आजी, मला वाटलं तुमचा सण आजच असतो. आमी तर चाँद बघून ईद करतो. आदल्या रात्रीपर्यंत कळत पण नाही. सांगितलं असतं तर शुक्रवारी आले असते की मी. इफ्राच्या अब्बूंचं जमलं नसतं तर आमी दोघी आलो असतो बसनं.”

ती हळू आवाजात म्हणाली होती, पण प्रियदर्शनीला ऐकू गेलं. तिचा चेहरा उतरला. सावरून घेण्यासाठी तिनं टाळी वाजवली. “चला मुलांनो, ऋतुजा आपल्याला येळवशीची माहिती सांगणार आहे.”

ऋतुजा उठली. हातात तिनं स्वतः रंगवलेला मोठा कागद होता. त्यावर खोप, पांडव, मडकं, सगळं होतं. तिनं कागदाकडं पाहिलं, शेताकडं पाहिलं.

“मला यंदाचं काही माहीत नाही,” ती म्हणाली. “मी नव्हते. ज्या होत्या त्यांना विचारा.”

“ऋतुजा, तुला पाठ आहे सगळं.”

“पाठ आहे. पण मी नव्हते ना.”

ती कागद तिथंच ठेवून बांधाकडं चालू लागली. पार्वतम्मांना मनातून बरं वाटलं. पोरीनं आईला चांगलं उत्तर दिलं, असं वाटून त्या मागोमाग गेल्या. लिंबाखाली पांडवांच्या दगडांजवळ ऋतुजा बसली होती. त्या शेजारी टेकल्या, तशी ती उठून पलीकडं जाऊन बसली.

“माझ्यावर कशाला चिडतेस? मी तर तुझ्यासाठी भांडले.”

“तू दार उघडलंस,” ऋतुजा म्हणाली. “शुक्रवारी. मला स्क्रीनमध्ये दिसलीस. मी हेडफोन काढून बसले होते. वाटलं, आता म्हणशील, चल.”

पार्वतम्मांनी चटयांकडं बोट दाखवलं.

“तुझ्या आईनं...”

“आईनं गटाला विचारलं. तू मल्लव्वाआजीला विचारलंस. मला कोणीच नाही विचारलं. आणि वर खोप पण मोडलीस. निदान खोप तरी बघायला मिळाली असती मला.”

समजूत काढायला पार्वतम्मांनी हात पुढं केला. पोरीनं तो झटकला नाही, पण धरलाही नाही. प्रियदर्शनी केव्हा येऊन मागं उभी राहिली ते दोघींना कळलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण ती एकदम खाली मातीतच बसली, नव्या ड्रेसचा विचार न करता.

ऋतुजानं विचारलं, “पुढच्या महिन्यात गड्ड्याच्या अक्षतेला काय लावलंय?”

प्रियदर्शनी चाचरली. “त्या दिवशी गणिताचा वर्ग आहे. गटाचा.”

“मी वर्गाला बसणार नाही. मी अक्षतेला जाणार.”

“बरं,” प्रियदर्शनी म्हणाली.

“बरं काय?” पार्वतम्मांचा आवाज पुन्हा चढला. “मला दिलेला शब्द तू असाच बरं म्हणत म्हणत शनिवार-रविवारात घातलास. आत्ता कळव गटाला. माझ्यासमोर.”

“आई, सगळे इथंच बसलेत. जाऊन सांगते.”

“तुझ्या फोनवर ठरतं ना सगळं? मग फोनवरच सांग. लेखी राहू दे.”

प्रियदर्शनीनं सासूकडं पाहिलं. भांडायचा विचार तिच्या डोळ्यांत आला, तसाच मावळला. तिनं फोन काढला आणि एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहिलं, “अक्षतेच्या दिवशी वर्ग होणार नाही. ज्यांना सोहळ्याला यायचं असेल त्यांनी यावं. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी दिवस बदलला जाणार नाही.”

पलीकडं चटईवर चार-पाच फोन एकदम वाजले. माणसं वाकून वाचू लागली. इफ्रा उठून ओरडली, “ऋतुजा, मी पण येणार!” तिच्या आईनं मान डोलावली. दुसऱ्या एका बापानं कपाळाला आठी घातली.

“त्यांना राग आलाय,” ऋतुजा म्हणाली.

“येऊ दे,” पार्वतम्मा म्हणाल्या. “मलापण तीन दिवस आलाय. अजून गेला नाही.”

ऋतुजानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पण ती उठली ती त्यांच्या बाजूनं, आणि मल्लव्वा भाकरीसाठी हाका मारत होती तिकडं एकटीच पुढं चालत गेली. दोघी तिच्या मागून निघाल्या. कोण पुढं जाणार, यावरून बांधावर दोघी एकदा अडल्या. मग सून बाजूला झाली.