खिडकीची खोली

लिफ्टचं दार लागलं तसा त्याने सवयीने तळहात बाजूच्या पत्र्यावर टेकवला. वर जाताना पत्रा किती थरथरतो यावरून त्याला बरंच काही कळायचं.

स्टुलावर बसलेला लिफ्टमन त्याच्या हाताकडे बघत होता.

“तपासणी आहे का साहेब?”

“नाही. वर जायचंय फक्त.”

“मग हात काढा की. तुम्ही हात लावला की वाटतं, आता लिफ्ट बंद होणार.”

तपासनिसाने हात खिशात घातला. शहरातल्या लिफ्ट तपासायच्या आणि दाखले द्यायचे, हे त्याचं सरकारी काम. सगळं झालं तरी शेवटी एकदा ब्रेक बघितल्याशिवाय तो सही करत नसे, म्हणून कचेरीत त्याला ‘ब्रेकसाहेब’ म्हणत. आता चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याने कुठल्याही लिफ्टला हात लावायचा नव्हता. कचेरीत त्याचं टेबल कपाटाकडे तोंड करून ठेवलं होतं आणि तो दिवसभर कपाट बघत बसायचा.

“पेपरात वाचलं,” लिफ्टमन म्हणाला. “आमच्यातलं कुणी बोललं नाही बरं का.”

“बोलायला काय होतं?”

“तेच ना. काय होतं?”

दोघांनाही ठाऊक नव्हतं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली.

पेपरात मथळा होता, ‘लिफ्टला दाखला, पत्नीला खोली’. खाली या रुग्णालयाचा फोटो होता आणि कोपऱ्यातल्या एका खिडकीभोवती लाल गोल काढला होता. छापलेलं सगळं खरं होतं. बायको इथे जनरल वॉर्डात होती. एके दुपारी तिला उचलून कोपऱ्यातल्या स्वतंत्र खोलीत नेलं, आणि पैसे मात्र जनरल वॉर्डाचेच घेतले. त्याच सुमारास इथल्या लिफ्टचा दाखला संपत आला होता. आपण रोज इथे येतोच आहोत, मग दुसऱ्याला कशाला पाठवायचं, असं म्हणून तपासणी त्याने स्वतःच केली. ब्रेक घसरत होता, म्हणून आधी लिफ्ट बंदच केली. तेव्हा बायको चिडली होती.

“माझ्याच दवाखान्याची लिफ्ट सापडली तुम्हाला? चहा जिन्याने येतोय. गार.”

मग दुरुस्ती झाली, आणि त्याने दाखला दिला. घरचं माणूस तिथे दाखल असताना तपासणी दुसऱ्याकडे सोपवायची, असा नियम होता. इतरांना तो हा नियम सांगत आला होता. त्या दिवसांत तो त्याला आठवलाच नाही.

काल चौकशीत बाईंनी विचारलं होतं. चौकशी अधिकारी म्हणून आलेल्या त्या बाई त्याच्याहून वयाने लहान होत्या, चष्मा डोक्यावर चढवून बोलायच्या. आवाज मात्र चढवत नव्हत्या.

“खोली तुम्ही मागितली?”

“नाही.”

“मग दिली कुणी?”

“माहीत नाही.”

“का दिली?”

तिथे तो अडकला. लिफ्ट का थांबली हे त्याने जन्मभर विचारलं होतं, पण खोली का मिळाली हे एकदाही विचारलं नव्हतं. बाईंनी दोन दिवसांचा वेळ दिला. घरी येईपर्यंत त्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळला. रुग्णालयाच्या व्यवस्थापकाशी दुरुस्तीबद्दल बोलताना आपण काही सुचवलं होतं का? ‘बायको वर आहे’ असं म्हणालो होतो, ते नुसतं म्हणालो होतो की कशासाठी म्हणालो होतो? आठवायला गेलं की प्रत्येक वेळी वेगळं आठवायचं. दोष लागला तर नोकरीच्या शेवटच्या वर्षात पेन्शन अडकणार होती. पण त्याला खात होतं ते दुसरंच. शेवटचे दिवस ती वशिल्याच्या खाटेवर झोपली होती का?

“तुम्ही मागितली नाही, आईने मागितली नाही, मग खोली काय चालत आली?” मुलगी म्हणाली होती. “जा आणि विचारा, बाबा. नाहीतर ते म्हणतील तेच खरं होईल.”

म्हणून तो आला होता.

वॉर्डाच्या टेबलाशी सिस्टर औषधांच्या वाट्या मांडत होत्या. त्याला बघून त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

“बसा साहेब. जेवलात का?”

“हो. एक विचारायचं होतं.”

“आम्हालाही बोलावलं होतं,” त्या वर न बघता म्हणाल्या. “खोली रिकामी होती म्हणून दिली, असं सांगितलं मी.”

“रिकामी होती म्हणून वॉर्डातल्या बाकीच्यांना का नाही मिळाली?”

सिस्टरांनी शेवटची वाटी ठेवली. शेजारच्या शिकाऊ नर्सला आत पाठवलं, आणि त्याला कपडे ठेवायच्या खोलीत नेलं. चहूकडे घडी केलेल्या चादरी होत्या. बसायला काही नव्हतं.

“मी लिफ्टचा दाखला देणार होतो म्हणून?” त्याने विचारलं.

“तुम्ही लिफ्टवाले साहेब आहात हे मला तुम्ही लिफ्ट बंद केलीत तेव्हा कळलं. तोवर ताई त्या खोलीत गेल्या होत्या.”

त्याला एकदम हलकं वाटलं. “मग हेच सांगा ना त्यांना! एवढंच पुरे आहे.”

“मग त्या विचारतील, खोली का दिली.”

“का दिली?”

सिस्टरांनी एका चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

“ती खोली आम्ही तशी ठेवतो, साहेब. कुठे लिहिलेलं नाही. माझ्या आधीच्या सिस्टरपासून चालत आलंय. ज्याचं आता घरी जाणं नाही, त्याला तिथे नेतो. खिडकी आहे. घरच्यांना बसता येतं. पैसे वाढवत नाही.”

तो चादरीकडे बघत राहिला.

“पण ती तेव्हा बरी होती,” तो म्हणाला. “त्या आठवड्यात जेवली होती नीट.”

“हो.”

“डॉक्टर म्हणाले होते, बघू या.”

“हो.”

“मग तुम्हाला तेव्हाच...”

सिस्टरांनी चादरीची घडी दाबून सरळ केली. बाहेरून एक स्ट्रेचर चाकं वाजवत गेलं, ते दूर जाईपर्यंत दोघं ऐकत राहिले.

“तिला माहीत होतं?”

“ताई आधी जनरल वॉर्डात होत्या ना. पडल्या पडल्या बघायच्या, कोण उठून त्या खोलीत जातंय आणि वॉर्डात कोण परत येत नाहीये. त्यांची खाट आत लावली तेव्हा मला म्हणाल्या, ‘आला का माझा नंबर?’ मी म्हटलं, रिकामी होती ताई. तर हसल्या. म्हणाल्या, ‘ह्यांना काही बोलू नका. ह्यांना वाटू दे नशिबाने मिळाली.’”

त्या दिवशी संध्याकाळी तो पिशवी घेऊन त्या खोलीत शिरला होता. खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसत होतं. त्याने पडदा पूर्ण सरकवला होता आणि म्हणाला होता, “वा! नशीब लागतं अशी खोली मिळायला.” आणि ती म्हणाली होती, “बघा तर. मैदानातल्या त्या मास्तरांना बघा, पोरींना पळवतात आणि स्वतः बाकावर.” दोघं हसले होते. पुढे रोज ती त्याला मास्तरांची बातमी द्यायची.

“तुमची नोकरी जात असेल तर मी येऊन सांगते,” सिस्टर म्हणाल्या. “हे आहे ते असं आहे, असं. पण मग ते छापून येईल. आणि छापून आल्यावर त्या खोलीत कुणाला नेता येणार नाही. दारातच माणसाला कळेल.”

“हो,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने पुन्हा, “हो.”

परत जाताना कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेवर एक म्हातारा उशांना टेकून बसला होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, हे त्याच्या नखांवरून अजून कळत होतं. त्याची बायको स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. तपासनीस दारात थांबला, कारण त्याला पुढे जाता येईना.

“या, या!” पेंटर म्हणाला. “खोली बघायला आलात ना? सगळे येतात.”

“नाही, मी सहज...”

“अहो, पेपरात आलेली खोली आहे ही! फोटोतली खिडकी हीच. कुणा मोठ्या साहेबाने बायकोसाठी वशिला लावून मिळवली होती, आणि आम्हाला बघा. ना ओळख ना पाळख.”

“मी म्हटलं ह्यांना, आपल्याला चुकून दिली असेल,” बायको म्हणाली. “गप्प राहा, नाहीतर परत घेतील.”

“घेतात कशाला? मी पाटी रंगवून लावतो दारावर, माझ्या नावाची.” तो हसला, हसता हसता खोकला आला, आणि बायकोने संत्र्याची फोड हातात धरून तो थांबायची वाट बघितली.

तपासनीस खिडकीकडे बघत होता. मैदानात पोरी पळत होत्या. बाकावर कुणीतरी बसलं होतं, पण इतक्या लांबून तेच मास्तर की दुसरे, ते कळत नव्हतं.

“चांगली खोली आहे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला.

“तपासणी तुम्ही दुसऱ्याकडे द्यायला हवी होती.”

“हवी होती. ती माझी चूक.”

“ते मी लिहिते. ते एवढं मोठं नाही, ताकीद मिळेल. प्रश्न खोलीचा आहे.” त्या पुढे वाकल्या. “मी तुमची जुनी कामं बघितली आहेत. कुणी तुमच्याबद्दल वाकडं बोलत नाही. मला तुम्हाला अडकवायचं नाहीये. फक्त कारण द्या. त्या खोलीचा तुम्हाला लाभ झाला का?”

त्याने नीट विचार केला. चौकशीच्या नोटिशीतही हाच शब्द होता, काल रात्रभर त्याच्याशी त्याची झटापट चालली होती, आणि अजूनही तो कुठल्या बाजूने धरायचा ते त्याला कळलं नव्हतं.

“झाला,” तो म्हणाला.

बाईंचा हात थांबला. “कसला?”

“खिडकी होती. मी बसू शकत होतो. आम्ही हसायचो.”

“तसं नाही हो. कुणामुळे मिळाली? काही कळलं का काल?”

टेबलावर पाण्याचा पेला होता, त्यावर झाकण. त्याने झाकण उचललं, आणि पाणी न पिता परत ठेवलं.

“ते सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही, की माहीत नाही? दोन्हींत फरक आहे, साहेब. माझ्यासाठी फार फरक आहे.”

“मग माहीत नाही लिहा.”

“हे तुमच्या विरुद्ध जाईल.”

“जाऊ दे.”

“परवा तुम्ही खरंच गोंधळलेले दिसत होता,” बाई म्हणाल्या. आता त्यांचा स्वतःचाच चेहरा गोंधळलेला होता. “आज मला काही समजत नाहीये.”

“मलाही,” तो म्हणाला, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तो दिसताच उठली.

“काय झालं? सिस्टरांचं सांगितलंत ना? काल घरी आल्यापासून तुम्ही धड बोलतच नाही आहात. काय म्हणाल्या त्या?”

“रजेवर होत्या.”

“मग दुसऱ्या कुणाला विचारायचं ना, बाबा!” ती चिडून बोलायला लागली, आणि मध्येच त्याचं तोंड बघून थांबली. त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडली होती, ती तिने सरळ केली. हे काम आईचं होतं. “जाऊ दे. पेन्शनचं बघू. आईला ती खोली मिळाली हे बरंच झालं. कशी का मिळेना.”

“हो,” तो म्हणाला. “नशीब लागतं तशी खोली मिळायला.”

लिफ्ट आली. ती मजल्याच्या जरा खालीच थांबली, बोटभर. त्याने ते बघितलं. मग एक हात दाराला लावून धरला आणि दुसरा मुलीच्या कोपराखाली.

“सांभाळून पाय टाक,” तो म्हणाला. “थोडी खाली आहे.”