वहिनींचा लेखी पेपर

आमच्या बोगुमिला वहिनींना अळंब्यांतलं जेवढं कळतं तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नसेल. डोळे मिटून नुसत्या वासावर नाव सांगतात. म्हणूनच बाजारातले जुने तपासनीस निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी वहिनींना गळ घातली. शनिवारी लोक जंगलातून टोपल्या भरून आणतात. त्यातली खायची कुठली आणि जीव घेणारी कुठली हे सांगायला सरकारमान्य माणूस लागतो. त्यासाठी परीक्षा. आधी अळंब्या ओळखायच्या, मग लेखी.

गेल्या वर्षी सप्टेंबरात वहिनी बियाविस्तोक शहरात परीक्षा देऊन आल्या आणि थेट बटाटे सोलायला बसल्या. माझा थोरला भाऊ काझिक माझ्या कानात म्हणाला, "परीक्षा गेली रे. काही विचारू नकोस."

पण मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. विचारलंच.

"ओळखायच्या सगळ्या ओळखल्या, भावोजी," वहिनी बटाट्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "लेखीचंही येत होतं हो. पण ते साहेब फिरत फिरत माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि माझं नावसुद्धा मला आठवेना. शाळेत आमच्या एक बाई होत्या, अशाच मागे येऊन उभ्या राहायच्या. चूक दिसली की वेणी ओढायच्या."

वहिनी छप्पन वर्षांच्या. केस कापूनही वीस वर्षं झालेली.

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. तयारी मी घेतो."

दर रविवारी चर्चमधून आलो की काझिकला त्याच्या रेडिओसकट बाहेर काढायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर घड्याळ ठेवायचं आणि पन्नास प्रश्नांचा पेपर द्यायचा. वेळ दीड तास. मी वहिनींच्या पाठीमागे फेऱ्या मारायच्या. पहिल्या रविवारी त्यांनी नऊ उत्तरं लिहिली आणि दोनदा उठून दूध उतू गेलं का बघून आल्या. दूध गॅसवर नव्हतंच.

"पहिल्या प्रश्नाला चिकटून बसू नका," मी सांगितलं. "सगळा पेपर एकदा चाळा. येतं ते आधी लिहून टाका, अडेल ते सोडून पुढे चला. आणि हात थिजला तर पेन खाली ठेवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, सावकाश श्वास सोडायचा. एक मिनिट गेलं तर जाऊ द्या."

मार्चपर्यंत त्या मान वर करेनाशा झाल्या. मग मी किल्ल्या वाजवू लागलो, खांद्यावरून डोकावून पेपर वाचू लागलो.

"भावोजी, फिरायचं तर फिरा," एकदा लिहिता लिहिता म्हणाल्या, "पण उसासे कशाला टाकता? मास्तर आहात की म्हातारी गाय? आणि तुमचा तिसावा प्रश्नच चुकलाय."

तेव्हाच मला वाटलं, जमलं.

या सप्टेंबरात मी त्यांच्याबरोबर गेलो. बसमध्ये त्यांनी वही उघडली नाही, अंडी आणि पाव खाल्ला आणि झोप काढली. लेखीला सातजण होते. मी बाहेर बाकावर बसलो. दहा-पंधरा मिनिटं आत अगदी चिडीचूप. मग एकदम सगळे हसले, आणि त्यानंतर तासभर टाचांचा आवाज येत राहिला, टक टक, इकडून तिकडे. मला काही उलगडा होईना.

बाहेर आल्यावर वहिनींनी सांगितलं. देखरेखीला एक तरुण बाई होत्या. त्या हाताची घडी घालून नुसत्या समोर बसल्या. कुणी फिरेना, कुणी उसासा टाकेना. त्या शांततेनंच वहिनी पहिल्या प्रश्नावर अडून बसल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं, पाय टेकवले, श्वास सोडला. थोडं बरं वाटलं. मग त्यांनी हात वर केला.

"बाई, एक विनंती करू? जरा मागून फेऱ्या माराल का?"

"का हो? काय झालं?"

"काही नाही. सवय झालीय."

त्या बाई हसत उठल्या. शेजारचा घामाघूम झालेला वनरक्षकही हसला आणि लिहायला लागला, म्हणे.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी? दहा मिनिटं आधी लिहून झालं. दोनदा तपासलं. आता सूप पाजा."

तीन आठवड्यांनी पत्र आलं तेव्हा वहिनी आलुबुखाराचा मुरंबा ढवळत होत्या. "हात चिकट आहेत, तुम्हीच वाचा."

"उत्तीर्ण," मी वाचलं. काझिकनं टाळ्या वाजवल्या आणि ग्लास शोधायला लागला.

"पन्नासपैकी किती चुकले?" वहिनींनी विचारलं.

"तीन."

"कुठले?"

पत्रात तेही दिलं होतं. दोन त्यांनी कबूल केले. तिसरा प्रश्न अळंब्या सुकवण्याबद्दलचा होता. तिथे आपलं उत्तर बरोबर आणि पुस्तक चूक, असं त्यांनी चमचा हलवत आम्हाला पटवून दिलं. मुरंबा खाली लागला, पण चवीला छान झाला होता.