निरोपाचा विडा

'आमचे लाडके पुत्र, जेलाईचे राजे, यांस—'

एवढं वाचलं आणि तुन इद्रिस म्हणाला, "थांब."

थांबलो. आचे राज्याच्या दरबारातून परराज्यांना जाणारी पत्रं मी लिहितो. मसुदा त्या राज्याच्या दूताला आधी ऐकवायची रीत आहे. इद्रिस जेलाईचा दूत; तुन हा तिकडचा मानाचा किताब.

"पुत्र कुणी घातलं, कारकून?"

"राणीसरकारांनी. स्वतः सांगितलं."

"मागच्या पत्रात धाकटा भाऊ होता."

"मागचे राजे म्हातारे होते, तुन. हे विशीतले. सरकारांना माया वाटली असेल."

"माया!" तो म्हणाला. "पासेरच्या राजालाही अशीच माया लावली होती. आता दर वर्षी मिरी पाठवतो बिचारा, मुलगा म्हणून."

उद्या निरोपाचा दरबार. दूताच्या हातात विडा पडला की काम संपलं. मग एक अक्षर बोलायचं नाही. पत्र हत्तीवर चढतं, वर पिवळी छत्री, पुढे ढोल, आणि दूत मागून चालत बंदरावर. बंदरात नाखवा मन्सूर जहाज भरून बसला होता. वारा जेलाईकडे वाहत होता. तो पडला की पुढच्या वर्षापर्यंत तिकडे कुणी जात नाही.

*

घरी पोचल्यावर मी आधी—

हे तुनचं वाक्य. जेवताना, नदीवर, माझ्या ओसरीवर सुपारी कातरताना तो ते सुरू करायचा.

—आधी विहिरीवर जाईन.

—आधी रुबियाच्या हातचा मासा, आंबवलेल्या दुरियान फळातला. इथं तुम्ही लोक मासा नुसता ठार मारता.

—आधी काहीच नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसेन. कोणी ओळखतंय का बघेन.

रुबिया त्याची बायको. मुलगी तो निघून आल्यावर झाली. नाव त्याला जहाजावरच्या माणसांकडून कळलं.

*

"तुन, मी तोंड उघडू नये, पण—"

"तू कधी मिटलंस, नाखवा?"

"तुमची पोर तुमच्या धाकट्या भावाला बाबा म्हणते."

जहाजावर माल चढत होता. तुन हसला. मग इतका वेळ हसत राहिला की नाखव्यानं उगाच एक दोर ओढून पाहिला.

"लहान आहे हो. जो समोर दिसतो त्याला म्हणते. वहिनी दटावतात. म्हणून सांगतो, उद्या विडा घ्या नि चला. एका शब्दानं काय होतंय?"

"एका शब्दानं काय होतं," तुन म्हणाला, "ते तूच आत्ता सांगितलंस."

*

'आमचे लाडके ————'

दरबार. राणीसरकार पडद्याआड. खोजा सोन्याचं तबक घेऊन पुढे झाला. तबकात विडा. तुनचे दोन्ही हात मांडीवर. तसेच राहिले.

"पान कडू आहे का रे?" पडद्यातून आवाज आला.

"पान गोड आहे, सरकार. माझं बोलणं संपलेलं नाही."

शेजारी बसलेला शाहबंदर, बंदराचा अधिकारी, माझ्या कानात पुटपुटला, "मेला हा."

"बोल."

"आमचे राजे सरकारांचे धाकटे भाऊ. पत्रात पुत्र झालेत."

"अरे, माझ्या नातवाएवढा पोरगा तो! त्याला भाऊ म्हणू? बायका हसतील मला."

दरबार हसला. तुनही हसला.

"थोरल्या बहिणीनं हाक मारली तर 'उद्या येतो' म्हणता येतं, सरकार. आईनं हाक मारली की ताटावरून उठावं लागतं."

पडद्याआड बांगड्या वाजल्या, थांबल्या.

"आणि आज मी निरोप दिला नाही तर? वारा थांबेल तुझ्यासाठी?"

"नाही, सरकार."

"घरी कोण आहे?"

"बायको आहे. मुलगी आहे. तिला अजून पाहिली नाही."

"तरी?"

तुननं विड्याकडे पाहिलं. मला वाटलं, हात उचलेल. मला वाटलं, उचलावा.

"तरी," तो म्हणाला.

तबक परत गेलं.

*

'आमचे लाडके धाकटे बंधू, जेलाईचे राजे, यांस—'

हा हुकूम आला तेव्हा मन्सूरचा नांगर वर निघाला होता. राजपत्रात खाडाखोड चालत नाही. सगळं पत्र नव्यानं लिहायचं, कडेची वेलबुट्टी, सोन्याचा वर्ख, मग शिक्का, तोही मुहूर्त पाहून. मी धावत नदीच्या मुखाशी, बंदरावर गेलो आणि सांगितलं.

"बहीण झाली!" नाखवा होडीतून ओरडला. "मग चला की!"

"पत्राशिवाय?" तुन म्हणाला. तो पाण्यात उतरला होता, होडीच्या काठाला धरून. "पत्राशिवाय गेलो तर मी कोण? हवा खायला आलेला माणूस."

"वहिनींना काय सांगू?"

"काम झालं म्हणून सांग."

"त्या कामाचं नाही विचारणार."

"माहीत आहे." त्यानं काठ सोडला नाही. नाखव्यानंच हळूच त्याची बोटं सोडवली, एकेक करून, नाराज मुलाची सोडवतात तशी.

होडी जहाजाला लागली. शीड फुगलं.

"चला, तुन," मी काठावरून म्हणालो. "मला शाई घोटायचीय. तुम्ही बसा जवळ."

"तू हो पुढे."

वारा पाठीमागून येत होता. त्याचं उपरणं पुढे, समुद्राकडे उडत होतं. तो उभा होता तिथून पुढे थोड्या अंतरापर्यंत पाणी उथळ होतं. तेवढं तो चालला.